‘अंमलबजावणी’ हा शब्द बंद: पब्लिक पॉलिसीच्या मास्टर्सचे १८ महिने

पुण्यात चार वर्षं आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम केलं आणि २०२३ च्या जुलैत नोकरी सोडून पब्लिक पॉलिसीच्या मास्टर्सला ॲडमिशन घेतली. आता चौथं म्हणजे शेवटचं सेमिस्टर सुरू झालंय. ओळखीतलं कुणी ना कुणी दर आठवड्याला विचारतं की ताई घेऊ का हा कोर्स, पुढे काय होतं, यूपीएससीला उपयोग होतो का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढतेय. कॉलेजचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत आणि त्या एका कॉलेजवर ढकलायच्या नाहीत मला, बाकी ठिकाणच्या मित्रमैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच आहे.

घरी आधी समजावून सांगायलाच दोन महिने गेले. आण्णांचा प्रश्न एकच होता, हे शिकून तू कोण होणार? डॉक्टर, वकील, कलेक्टर असं एका शब्दात सांगता येत नाही हे खरंच आहे. सार्वजनिक धोरण म्हटलं की लोकांना वाटतं राजकारण. मी त्यांना शेवटी एवढंच सांगितलं की सरकार जे करतं ते का करतं, कशातून करतं आणि ते लोकांपर्यंत पोचतं का हे तपासायला शिकवतात. ते म्हणाले बरं, पण लोन तू फेडायचंस. फी, हॉस्टेल, मेस धरून दोन वर्षांचे साडेसात लाख, त्यातलं पाच लाखांचं लोन माझ्या नावावर आहे.

पहिल्या सेमिस्टरमध्ये मायक्रोइकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, राज्यघटना आणि कायदा, राजकीय विचार असे विषय होते. वाचन प्रचंड, आठवड्याला दीडशे-दोनशे पानं आणि सगळं इंग्रजीत. मी मराठी माध्यमातली, चार वर्षं कंपनीत काढूनही पहिले दोन महिने रात्री एक-दीड वाजेपर्यंत बसायचे आणि तरी वर्गात तोंड उघडायची हिंमत व्हायची नाही. ज्यांना याची भीती वाटते त्यांना सांगते, तिसऱ्या महिन्यात सुटतं ते, पण तोपर्यंत रडू येतं, आलं तर येऊ द्या.

स्टॅटिस्टिक्सला घाबरू नका असं सगळे सांगतात पण का घाबरायचं नाही ते कुणी सांगत नाही. मला ते बिहारच्या सायकलींमुळे समजलं. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली, आणि मुलींचं हायस्कूलला जाणं वाढलं. आता ते सायकलीमुळेच वाढलं हे कशावरून, त्याच काळात रस्तेही झाले, शाळाही वाढल्या, सगळं राज्यच बदलत होतं. तर अभ्यासकांनी काय केलं, बिहारच्या मुलींची तुलना बिहारच्याच मुलांशी केली कारण रस्ते तर दोघांनाही मिळाले होते, आणि मग तीच तुलना शेजारच्या झारखंडमध्येही केली जिथे ही योजना नव्हती. दोन्हीतला फरक वजा केल्यावर उरतं ते सायकलीचं. हे सरांनी फळ्यावर चार चौकोन काढून दाखवलं तेव्हा मी वहीत तेच चौकोन काढून खाली मोठ्या अक्षरात ‘झारखंड कुठाय?’ असं लिहिलं. आता कुठल्याही योजनेचा ‘इतका इतका फायदा झाला’ असा दावा दिसला की पहिला प्रश्न तोच येतो डोक्यात.

रोजगार हमीवरच्या लेक्चरला मात्र मी वेगळ्याच कारणासाठी हलले. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, दुष्काळात खायला मिळालेल्या सुकडी आणि मिलोच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या. पण ती गोष्ट घरातली होती, ती धोरणाची गोष्ट आहे हे मला माहीतच नव्हतं. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांनी त्या दुष्काळाच्या आधी तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग, मग दुष्काळातली कामं, मग १९७७ चा रोजगार हमी कायदा, आणि त्यावरून पुढे २००५ चा देशाचा कायदा, म्हणजे मनरेगा. आणि पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर, प्रोफेशनल टॅक्स, तो १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी म्हणून लावला गेला. मी त्या दिवशी हॉस्टेलवर येऊन जुनी सॅलरी स्लिप उघडली. पीटी २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. चार वर्षं ती ओळ बघून मी वैतागत होते, आणि ती ओळ माझ्या आजीच्या खडीपर्यंत जाते हे मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. या एका दिवसासाठी मी हा कोर्स परत करेन.

आता ज्याच्यामुळे शीर्षक दिलंय ते. दुसऱ्या सेमिस्टरला पॉलिसी ॲनालिसिस शिकवायला ज्या मॅडम होत्या त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की या वर्गात ‘अंमलबजावणी नीट होत नाही’ हे वाक्य लिहिलेलं चालणार नाही. कुठल्या टेबलवर, कुणाच्या हातात, काय अडलं ते लिहा. त्यांचा मेमो म्हणजे फक्त दोन पानं, ज्याला द्यायचा त्या अधिकाऱ्याचं पद वर लिहायचं आणि त्याच्या अधिकारात जे आहे तेवढंच सुचवायचं. तहसीलदाराला कायदा बदला म्हणून सांगून उपयोग नाही. ऐकायला सोपं वाटतं. माझे पहिले तीन मेमो लाल होऊन परत आले.

जानेवारी २०२४ मध्ये फील्डवर्क होतं, तीन आठवडे, मी धाराशिव जिल्ह्यात आमच्या गावाशेजारचंच एक गाव निवडलं. तिथे रोजगार हमीवर बांधबंदिस्तीचं काम चालू होतं. हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो. सकाळी बाया ओळीत उभ्या राहायच्या आणि मेट, म्हणजे हजेरी घेणारी मुलगी, फोन वर धरून बांधाच्या टोकापर्यंत चालत जायची कारण रेंज फक्त तिथेच. फोटो गेला की मग पाट्या उचलायच्या. रोजगार सेवक, म्हणजे गावात या कामांच्या नोंदी ठेवणारा, त्याचं वय असेल पंचविशीचं, त्याला गावात कुणी नीट बोलत नव्हतं, कारण काहींचे पैसे अडकले होते आणि सगळ्यांचं म्हणणं होतं की यानेच खाल्ले.

एक काकू होत्या, साठीच्या आसपास, त्यांनी पासबुक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “पोरी, तू शिकलेली हायस, बघ की जरा. सहा दिस भरल्यात म्या, दोन महिने झालं एक रुपाया न्हाई.” पासबुकात खरंच काही नव्हतं. मी पोर्टलवर त्यांचं जॉबकार्ड उघडलं, मस्टर म्हणजे हजेरीपट भरलेला, एफटीओ म्हणजे पैसे पाठवायचा आदेश झालेला, पैसे जमा असं दिसत होतं. दोन दिवस मलाही वाटत होतं की घोटाळाच आहे. मग तालुक्याला पंचायत समितीत बसणाऱ्या ऑपरेटरने सहज विचारलं, बाईंचं दुसरं खातं आहे का कुठं? आधारवर आधारित पेमेंट त्या वर्षी १ जानेवारीपासून सक्तीचं झालं होतं, पण इकडे पेमेंट आधीपासूनच तसं होत होतं, आणि त्यात पैसे पासबुकातल्या नंबरवर जात नाहीत, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं त्यात जातात. काकूंनी बचतगटाच्या वेळी दुसऱ्या बँकेत खातं उघडलेलं, ते पासबुक ट्रंकेत साडीच्या घडीत होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत एसटीने गेले, मशीनमध्ये पासबुक घातलं, ओळ छापून आली, १६३८ रुपये. २७३ च्या दराने सहा दिवस. काकू त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभ्या होत्या.

पैसे कुणी खाल्ले नव्हते. रोजगार सेवकाचा दोष नव्हता, बँकेचा नव्हता, काकूंचा तर नव्हताच. तुमचे पैसे कुठल्या खात्यात गेले हे मजुराला सांगायचं काम कुणाच्याच टेबलवर नव्हतं, एवढंच. मी आधीची असते तर अंमलबजावणीत त्रुटी आहेत असं लिहून मोकळी झाले असते. मी गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे मेमो लिहिला, सुचवलं एकच, दर मस्टरनंतर नाव, बँक आणि खात्याचे शेवटचे चार आकडे अशी यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. हा मेमो लाल न होता परत आला. प्रत्यक्ष गटविकास अधिकाऱ्यांनाही नेऊन दिला, त्यांनी वाचला, दोन ग्रामपंचायतींत यादी लागली. पुढे टिकलं की नाही ते बघायचंय मला.

एक गोष्ट मला आधी कमीपणाची वाटायची ती इथे कामाला आली, मराठी. आपल्याकडचे जीआर, म्हणजे शासन निर्णय, जवळपास सगळे मराठीत आणि वेबसाइटवर कुणालाही मोफत. केरळची मैत्रीण म्हणाली आमच्याकडे याला जीओ म्हणतात, तिला मी आपला जीआर फोडून दाखवला. वर ‘वाचा’, मग प्रस्तावना, मग शासन निर्णय, आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. लोक सरळ निर्णयावर उडी मारतात पण खरी गंमत ‘वाचा’खाली आहे, तिथे आधीच्या जीआरचे नंबर असतात, ते एकेक उघडत मागे गेलं की योजना कशी बदलत गेली, कुठली अट कधी घुसली, कुठली गुपचूप गेली हे सगळं दिसतं. बजेटचंही तसंच, भाषणातला आकडा सोडा, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी मांडा आणि तिसरा बघा. तो दोन वर्षं उशिरा येतो म्हणून त्याची बातमी होत नाही.

तक्रारी. प्लेसमेंटबद्दल ॲडमिशनच्या वेळी जे दाखवलं गेलं ते पूर्ण चित्र नव्हतं. जे मोठे पगार दिसत होते ते कन्सल्टिंगमधले, आणि तिथे गेलेल्यांकडे आधीच इंजिनिअरिंग किंवा पाच-सहा वर्षांचा अनुभव होता. एनजीओ, रिसर्च, सरकारी प्रकल्पांतल्या कंत्राटी जागा इथे सुरुवातीचा पगार माझ्या आयटीतल्या शेवटच्या पगाराइतका किंवा कमीच. लोन घेणाऱ्या मुलांना हे आधी कळायला हवं, मला याचा अजूनही राग आहे. दुसरं म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था. ७३ वी घटनादुरुस्ती शिकवली, ग्रामसभा शिकवली, पण ग्रामपंचायतीचं दप्तर, वित्त आयोगाच्या बंधित-अबंधित (ठरावीक कामांसाठीच्या आणि मोकळ्या) निधीचा हिशोब, हे काही नाही. ज्या पातळीवर लोकांचा सरकारशी रोज संबंध येतो तिचे दोन तास आणि अमेरिकन धोरणाच्या केस स्टडीज आठ तास, हे मला पटलेलं नाही आणि मी फीडबॅक फॉर्ममध्ये दर वेळी लिहिलंय.

यूपीएससी-एमपीएससी करणाऱ्यांसाठी: हा कोर्स तयारी म्हणून घेऊ नका. दोन्ही एकत्र झेपत नाही, वर्गातल्या तिघांचं बघितलंय. तयारी थांबवलीय आणि विषयाची ओढ अजून आहे, तर मात्र जरूर या, तुमचं राज्यघटनेचं वाचन इथे सोन्यासारखं उपयोगी पडतं. ग्रॅज्युएशननंतर लगेच येण्यापेक्षा एक-दोन वर्षं काम करून या, कुठलंही. वय बसत असेल तर आधी खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप किंवा आपल्याकडची मुख्यमंत्री फेलोशिप बघा, फी न भरता कळेल की हे काम आपल्याला आवडतं का. आणि कॉलेज निवडताना रँकिंग सोडून तीन गोष्टी विचारा: फील्डवर्क किती आठवडे आणि कुठे, स्टॅटिस्टिक्समध्ये स्वतः डेटा हाताळायला देता का, आणि मागच्या बॅचच्या किती मुलांनी ज्यांना मेमो लिहिला त्यांना तो खरंच नेऊन दिला.

माझं डिझर्टेशन, म्हणजे शेवटचा प्रबंध, रोजगार हमीच्या त्याच पेमेंटवर आहे. उशीर झाला तर मजुराला दिवसाला ०.०५ टक्के भरपाई मिळायला हवी, म्हणजे १६३८ रुपयांवर दिवसाला ८२ पैसे, आणि तेवढे तरी कुणाला मिळालेत का हे मी एका तालुक्यातल्या मस्टरवरून शोधतेय. मार्चमध्ये परत गावात जाणार आहे. भिंतीवरची यादी अजून लागते का, ते आधी बघेन. काकूंचा फोन आला होता संक्रांतीला, म्हणाल्या येताना माझं ते दुसरं पासबुक भरून आणू आपण, अन् जेवायला इथंच यायचं.