हुप्प्या की लाल तोंडाचं माकड?

रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्यांवर हातातला प्रसाद गेला, की आम्ही नागपूरकर सरसकट म्हणतो, ‘माकडानं नेला’. काळं तोंड, लांबलचक शेपूट असेल तर चोर वानर असतो; त्याचा नर म्हणजे हुप्प्या. लाल तोंडाचं माकड वेगळं. तोंड दिसलं नाही तरी पाय बघावेत.

हिशेब सोपा आहे. दंड आणि कोपराखालच्या हाडाच्या लांबीला मांडी आणि नडगीच्या लांबीनं भागायचं, 100 नं गुणायचं. लाल माकडात हा आकडा 93 च्या आसपास येतो. पुढचे-मागचे पाय जवळपास सारखे, म्हणून पाठ आडवी. जमिनीवर काय, जाड फांदीवर काय, चार पायांवर निवांत चालणं.

वानरात तो 83 च्या आसपास. मागचे पाय लांब, त्यामुळे चालताना ढुंगण वर, खांदे खाली. पण हुप्प्या झेप घेतो तेव्हा आधी गुडघे पार दुमडतो आणि ते सरळ होईपर्यंत फांदीला रेटा देत राहतो. पाय जितका लांब, तितकं रेटायला अंतर जास्त.

गंमत वजनाची आहे. देह मोठा होत जाईल तसे उड्या कमी आणि हात लांब, असा ढोबळ कल माकडांमध्ये दिसतो. हुप्प्या मात्र लाल नराच्या साधारण दुप्पट वजनाचा, तरी पाय उडीबाजाचे! माझ्या मते इथं वजनापेक्षा कूळ बोलतं: पानं खाणाऱ्या, झाडाझाडांत झेपावणाऱ्या माकडांचं.