मोठ्या अक्षरातलं चेनवालं मराठी पवित्र शास्त्र (बायबल): घ्यावं का?

आधी कामाचं सांगते. अक्षर खरंच मोठंय. चष्म्याशिवाय वाचता येतं असं स्टॉलवर सांगत होते ते काय खरं नाही, चष्मा लागतोच, पण चष्मा लावून वर परत डोळे बारीक करायला लागत नाहीत एवढं नक्की. सासूबाईंना दिलं वाचायला तर ट्यूबलाइटखाली त्यांनी आरामात वाचलं, पिवळ्या बल्बखाली मात्र कागद पातळ असल्यामुळं मागच्या पानाची छपाई पुढं दिसते आणि ओळी एकमेकीत घुसल्यासारख्या वाटतात. आता 66 पुस्तकं आणि 1,189 अध्याय एका जिल्दीत बसवायचे म्हणल्यावर कागद पातळच असणार, त्याबद्दल मी मार्क कापत नाही. हायलाइटर मात्र अजिबात वापरू नका, पलीकडच्या पानावर उतरतो. साधी पेन्सिल बेस्ट.

घेतलं कन्व्हेन्शनच्या, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याच्या स्टॉलवरनं, हजाराच्या आत मिळालं. बायबलचं ॲप फोनमध्ये फुकट आहे मग पैसे कशाला घालवले असं घरात पोरांनी विचारलंच. त्याचं उत्तर म्हणजेच हा सगळा रिव्ह्यू समजा, कारण मला जे सांगायचंय ते कव्हर आणि कागदाबद्दल कमी आणि ते वापरल्यावर काय होतं त्याबद्दल जास्त आहे.

आपल्याकडं ख्रिस्ती घरात वचन, म्हणजे बायबलमधली नंबर घातलेली एखादी ओळ, कुठनं येतं बघा. भिंतीवरचं वचनांचं कॅलेंडर, सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलावर छापलेलं एक वचन, लग्नपत्रिकेवर एक, रिक्षाच्या मागं एक. सगळी गोड गोड. आणि ॲपमध्ये पण तेच, रोज एक वचन टिंग करून येतं, आपण आमेन टाईप करतो आणि कामाला लागतो. या मोठ्या पुस्तकात तसं करताच येत नाही, कारण एक वचन शोधायला पान उघडलं की अख्खा अध्याय डोळ्यासमोर पसरलेला असतो, दोन कॉलममध्ये, वर मथळा, आणि अक्षर मोठं असल्यामुळं नजर आपोआप वरच्या ओळीवर जाते मग खालच्या ओळीवर जाते आणि दहा मिनिटांनी कळतं की आपण सगळंच वाचून काढलंय. तसंही वचनांचे नंबर हे नंतर घातलेले आहेत, नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या दुसऱ्या भागात, ते रॉबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्यानं 1551 मध्ये पहिल्यांदा छापले. येशूचा प्रेषित पौल, त्यानं मंडळ्यांना पत्र लिहिलं तेव्हा ते सुटं सुटं करून भिंतीवर लावायला नव्हतं लिहिलं, मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, उभं राहून सगळ्यांसमोर एका दमात वाचायला लिहिलं होतं.

यिर्मया 29:11 घ्या, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला 29 वा अध्याय, 11 वं वचन. मी तुमच्याविषयी जे संकल्प करतो ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा अर्थाचं ते वचन दहावीच्या निकालापासून नवीन गाडीच्या पूजेपर्यंत, म्हणजे आपल्याकडं प्रार्थनेपर्यंत, सगळीकडं लावतात. आता पान उघडून वरनं वाचा. ते पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेलं, आणि त्यात देव सांगतोय की सुटका लगेच होणार नाही, 70 वर्षं जाणार, तोवर तिथंच घरं बांधा, बागा लावा, पोराबाळांची लग्नं करा आणि ज्या शहरात मी तुम्हाला नेलं त्या शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं त्यात तुमचं भलं. हे सातवं वचन. हे कॅलेंडरवर मी तरी कधी बघितलं नाही. म्हणजे हिताचा संकल्प आहेच, पण तो परक्या शहरात दोन पिढ्या शेजाऱ्यांचं भलं करत जगणाऱ्या लोकांना सांगितलाय. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एका नळावर बोललं जातं, आणि सोलापूरात नळाचं पाणी रोज येत नाही हे बाहेरच्यांना माहीत नसेल तर आता कळलं. पाणी आलं की थेट नळाला मोटर लावायची की नाही, हा आमच्याकडं शहराचं भलं बघायचा पहिला पेपर असतो. मोटर लावली की आपली टाकी भरते आणि शेवटच्या घराची घागर भरत नाही. मग संध्याकाळी कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेत, हात वर करून गाणं म्हणा नाहीतर काय पण करा.

पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं 4:13 तसंच, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या ठायी मी सगळं करू शकतो. जिमच्या टीशर्टवर छापतात आता. त्याच्या वरचं वाचलं तर पौल तुरुंगातनं लिहितोय की पोट भरलेलं असो का उपाशी, जे आहे त्यात मी समाधानी राहायला शिकलोय. बास, एवढंच सांगते, पुढचं तुम्ही वाचा.

आता मुद्द्याचा अध्याय. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय चौथा, फक्त 18 वचनं. आपल्याकडं हा अध्याय दफनविधीला वाचतात, त्यातला शेवटचा भाग, तुतारी आणि प्रभूचं येणं वगैरे, त्यामुळं सुरुवात काय आहे ते कुणाला आठवतच नाही. सुरुवातीलाच पौल म्हणतो की कसं वागावं आणि देवाला कसं संतोषवावं हे तुम्ही आमच्याकडनं शिकलात, तसं वागताय पण, आता अजून जास्त करा. मी म्हणलं आता मोठी यादी येणार, उपवास, रात्रभर प्रार्थना, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग दान, सेवा. तर येतं काय, आपलं शरीर पवित्र राखा, व्यभिचारापासून लांब रहा. मग, व्यवहारात भावाला फसवू नका. मग, एकमेकांवर प्रेम करा, करताय पण अजून करा. मग, शांतपणे रहा, आपापलं काम बघा, आपल्या हातानं कष्ट करा, म्हणजे बाहेरच्यांच्या नजरेत तुमचं वागणं नीट राहील आणि कुणावर अवलंबून रहावं लागणार नाही. झालं. देवाला संतोषवायच्या अध्यायात स्टेज नाही, माईक नाही, सगळं घर, अंथरूण, दुकान आणि शेजार. प्रार्थना करू नका असं नाही ते, पुढच्याच अध्यायात निरंतर प्रार्थना करा असं आहे, तेव्हा कुणी मला लगेच मेसेज करू नका.

माझा शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा घरगुती धंदा आहे, चार बायका कामाला येतात. त्यामुळं भावाला फसवू नका हे वाचलं की मला पहिल्यांदा वजनकाटा दिसतो. 250 ग्रॅमच्या पाकिटात 250 ग्रॅम चटणी पाहिजे, पाकीट धरून 250 नाही. कायद्यात पण तसंच आहे, 2011 च्या पॅकबंद मालाच्या नियमात निव्वळ वजन म्हणजे वेष्टन सोडून, पण कायदा बघायला रोज कोण येतंय. गिऱ्हाईक घरी जाऊन वजन करत नाही. नीतिसूत्रे 11:1 मात्र तिथंच उभं असतं, खोटा तराजू परमेश्वराला चालत नाही, खऱ्या वजनात त्याला संतोष. बघा, संतोष हा शब्द कुठं येतोय ते, काट्यावर. आणि शेंगदाणा महागला की बाजारात काय काय होतं, जुना दाणा मिसळायचा, लसूण कमी आणि तिखट जास्त करायचं, ते सगळं सोलापूरकराला जिभेवर कळतं, पण पुण्या-मुंबईच्या पार्सलवाल्याला कळत नाही. जिथं कळत नाही तिथं काय पाठवतो तोच प्रश्न आहे.

पगाराचं याकोबानं लिहिलंय पाचव्या अध्यायात, शेत कापणाऱ्या मजुरांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत गेलीय. लेवीयात तर अजून सरळ आहे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नको. आमच्याकडं शनिवारी हिशोब असतो आणि सोमवारी देते गं म्हणणं फार सोपं असतं, कारण समोरची बाई नाही म्हणू शकत नाही. रविवारी मंडळीत दानाच्या पिशवीत शंभराची नोट टाकायची आणि तीच नोट कुणाच्या तरी शनिवारची असायची, असलं दान देवाला नको असतं हे समजायला पाळकांची गरज नाही. मीखानं सहाव्या अध्यायात विचारलंय ना, हजारो मेंढरं देऊ का तेलाच्या दहा हजार नद्या देऊ, आणि उत्तर आलं न्यायानं वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रपणे चाल.

आमच्या महिला मंडळात हे बोलले तर एक ताई म्हणाल्या, असं म्हणलं तर मग चांगल्या कामानं तारण, म्हणजे पापातनं सुटका, मिळतं असं होतंय, ते काय आपलं शिक्षण नाही. प्रश्न बरोबर आहे. इफिसकरांस दुसऱ्या अध्यायात 8 आणि 9 वचन सगळ्यांना पाठ, कृपेनं विश्वासाच्या द्वारे तारण, ते देवाचं दान, कर्मानं नाही. मोठं पुस्तक उघडं होतंच, मी म्हणलं दहावं वाचा. दहावं म्हणतं आपल्याला चांगली कामं करायलाच ख्रिस्त येशूमध्ये घडवलंय. तीन वचनं एकमेकांना धरून आहेत, आपण दोनवर थांबतो. काटा नीट ठेवला म्हणून देव मला पोरगी म्हणत नाही, त्यानं आधीच म्हणलंय, म्हणून काटा नीट ठेवायचा. इब्री 11:6 मध्ये विश्वासाशिवाय त्याला संतोषवणं अशक्य असं आहे आणि दोनच अध्याय पुढं 13:16 मध्ये चांगलं करायला आणि वाटून द्यायला विसरू नका, असल्या यज्ञानं देवाला संतोष होतो, असं. एकाच पत्रात दोन्ही. ताई थोडा वेळ गप्प बसल्या मग म्हणाल्या हे पुस्तक कुठं मिळालं.

रेल्वेनं पुण्याला जाताना दौंड गेल्यावर केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातनं उपाशी मुली, बाया गोळा करून आणल्या, सांभाळल्या, कामं शिकवली, छापखाना पण त्या बायाच चालवायच्या. आणि हे सगळं चालू असताना बाईंनी अख्खं बायबल सोप्या मराठीत करायला घेतलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून, 1922 मध्ये जाईपर्यंत तेच काम. मला त्यातली विद्वत्ता कळत नाही पण एक कळतं, वाचणं आणि भाकरी वाढणं या बाईला दोन वेगळी खाती नव्हती. आपण ख्रिस्ती लोक रमाबाईंचा फोटो लावतो, भाषणात नाव घेतो आणि घरच्या कामवाल्या बाईला वेगळा कप देतो. असो, लई बोलले.

परत पुस्तकावर येते. चेन हा याचा सगळ्यात खराब भाग. एक तर ती कोपऱ्यावर अडकते, जोर लावला की पानाचा कोपरा आत सापडतो. पण मोठा तोटा म्हणजे चेन लावली की पुस्तक कपाटात जातं आणि थेट रविवारी सकाळी निघतं, धूळ नाही, डाग नाही, अगदी नवंकोरं, मंडळीत हातात धरायला छान दिसतं. मी आमच्यातली चेन उघडीच ठेवलीय, पुस्तक स्वयंपाकघरातल्या फळीवर पडलेलं असतं. कव्हर रेक्झिनचं आहे, चटणीचा तेलकट हात लागला तरी ओल्या फडक्यानं निघतो, हा प्लस पॉइंट.

रिबन एकच दिलीय, दोन पाहिजे होत्या, जुन्या कराराला एक आणि नव्याला एक, मी साडीच्या फॉलचा तुकडा घातला. प्रभू येशूचे शब्द लाल शाईत आहेत, कुणाला आवडतं, मला तेवढं नाही, लाल अक्षर रात्री फिकं दिसतं. आणि लाल तेवढंच महत्त्वाचं असं पोरांना वाटायला लागतं. मागं नकाशे आहेत, पौलाचे प्रवास वगैरे, पण गावांची नावं इतकी बारीक की मोठ्या अक्षराच्या पुस्तकात हे कसं काय चाललं देव जाणे. भाषा जुन्या वळणाची, तरुण पोरांना अडखळायला होतं, पण मोठ्यानं वाचलं तर लवकर लागते, आमच्याकडं जेवायच्या आधी एकजण मोठ्यानं एक अध्याय वाचतो आणि जो वाचतो त्याला त्या दिवशी ताट उचलायला लावत नाही, त्यामुळं वाचायला भांडणं होतात.

वजन बरंच आहे. म्हाताऱ्या माणसाला झोपून वाचायला जमणार नाही, मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवायला लागतं. प्रवासाला फोनच बरा. लग्नात गिफ्ट द्यायला घेत असाल तर मी म्हणेन थांबा, नव्या जोडप्याला शोकेसमध्ये ठेवायला आधीच चार आलेली असतात, त्याऐवजी घरातल्या ज्या माणसाचे डोळे कमी झालेत त्याला द्या.

पाचपैकी साडेतीन देते, अर्धा चेनला कापला, अर्धा नकाशांना, अर्धा रिबनला. बिनचेनचं मिळालं तर तेच घ्या, घेताना दुकानातच मधलं पान, म्हणजे स्तोत्रसंहितेच्या आसपास, उघडून टेबलावर सोडून बघा, आपोआप मिटत असेल तर शिलाई घट्ट आहे, दुसरी प्रत मागा.