पायरसी रिपोर्टिंग सेंटरचा थेट नकाशा : गावातून घेतलेला अनुभव

माझा धाकटा भाऊ एका खासगी यॉटवर खलाशी आहे. त्यामुळे दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी, जिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, कापूस वेचणीच्या धांदलीतही मी क्वालालंपूरच्या पायरसी रिपोर्टिंग सेंटरचा, म्हणजे समुद्री चाचेगिरीच्या घटना नोंदवणाऱ्या केंद्राचा, नकाशा मोबाइलवर नियमित पाहते. १९९२ पासून कार्यरत असलेल्या या केंद्राचा नकाशा विनामूल्य असून, प्रत्येक खुणेवर घटनेचा थोडक्यात तपशील मिळतो. सिंगापूरच्या सामुद्रधुनीतील चोरी आणि सोमालियाजवळील अपहरण यांतील फरक मला त्यातूनच उमगला. यॉटचा वेग कमी, डेक पाण्यालगत आणि माणसे मोजकी असल्यामुळे तिच्यावर चढणे सोपे असते. २००९ मध्ये सेशेल्सजवळ पकडलेले ब्रिटिश दांपत्य वर्षाहून अधिक काळ ओलीस होते. २०११ मध्ये ‘क्वेस्ट’ या यॉटवरील चारही अमेरिकनांना चाच्यांनी ठार केले. मात्र नकाशावर केवळ कळवलेल्या घटनाच दिसतात, आणि नांगरलेल्या यॉटची डिंगी (सोबतची छोटी होडी) चोरीला गेल्यास अनेक जण ते कळवतच नाहीत, म्हणून खुणा नसलेले पाणी निर्धोक समजू नये. एडनच्या आखाताकडे निघण्यापूर्वी यूकेएमटीओकडे, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेसाठी माहिती घेणाऱ्या ब्रिटिश केंद्राकडे, नोंद झाली का, हे मी भावाला प्रत्येक वेळी विचारते.