परसातील मातीचे पाणपात्र आणि टांगते दाणापात्र: शरद ऋतूतील वापरानंतरचे मत

पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याची आठवण आपल्याकडे बहुधा एप्रिल-मे महिन्यांत होते आणि मातीची पाणपात्रे विकणारेही त्याच सुमारास रस्त्याच्या कडेला दिसू लागतात. या संचाची खरेदी मात्र नवरात्राच्या तोंडावर, घटस्थापनेचे घट विकायला बसलेल्या एका विक्रेत्याकडे झाली. शरद ऋतूभर तो जुळे सोलापुरातील घराच्या परसात वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या शहरात पाणपात्र घरी आणण्याचा योग्य काळ हाच आहे. त्याच्यासोबत विकले जाणारे टांगते दाणापात्र मात्र नेमक्या याच काळात सर्वांत कमी उपयोगाचे ठरते.

संचात भाजलेल्या लाल मातीचे चौदा इंच व्यासाचे उथळ पात्र, ते ठेवण्यासाठी गुडघ्याएवढ्या उंचीची लोखंडी तिवई आणि तीन साखळ्यांनी टांगायचे, वर उतरते झाकण असलेले दाणापात्र अशा वस्तू येतात आणि एकूण किंमत ८५० रुपये पडली. खोक्यावर ज्या पक्ष्याचे चित्र छापले आहे तो महाराष्ट्रात कुठेही आढळत नाही, पण त्याबद्दल गुण कापण्याचे कारण नाही.

पाणपात्राचा खरा गुण त्याच्या साधेपणात आहे. त्याला आतून-बाहेरून कोणताही रंग किंवा चकाकीचा लेप दिलेला नाही, त्यामुळे मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून बाहेरच्या पृष्ठभागावर येते, त्याचे बाष्पीभवन होते आणि आतले पाणी भर दुपारीही गार राहते. हवा जितकी कोरडी तितकी ही क्रिया अधिक वेगाने होते, आणि परतीचा पाऊस ओसरल्यावर सोलापूरची हवा किती झपाट्याने कोरडी होते हे इथल्या माणसाला सांगायला नको. आतील बाजू किंचित खरखरीत असल्याने पक्ष्यांच्या नखांना पकड मिळते. स्टीलच्या परातीत किंवा प्लॅस्टिकच्या ताटात पाणी ठेवल्यास ते उन्हाने तापते आणि गुळगुळीत तळावर पक्षी घसरतो, म्हणून तो काठावरून चार घोट घेऊन निघून जातो. अंघोळीला उतरत नाही. या पात्राची खोली काठाशी अर्धा-पाऊण इंच आणि मध्यभागी दोन इंच आहे, आणि हा उतार ज्याने ठरवला त्याने पक्षी पाहिलेले असावेत असे वाटते, कारण चिमणी काठाजवळ पोटापर्यंत येणाऱ्या पाण्यात उभी राहते तर साळुंकी सरळ मध्यभागी उतरते. विकत घेताना टिचकी मारून पाहावी. खणखणीत आवाज आला तर पात्र पूर्ण भाजलेले आणि बिनतड्याचे आहे असे समजावे. वापरण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणे आवश्यक आहे, अन्यथा सुरुवातीला ते पाणी पीतच राहते.

पावसाळ्यात पक्ष्यांना पाण्यासाठी माणसाच्या दाराशी येण्याची गरज नसते. ऑक्टोबरमध्ये मात्र मोकळ्या प्लॉटांमधील डबकी आटू लागतात, ऊन पुन्हा कडक होते, आणि पावसाळ्यात घरट्यांतून बाहेर पडलेली नवी पिले याच वेळी आपले पाणवठे शोधत असतात. याच काळात परसात ओळखीचे झालेले पात्र उन्हाळ्यातही त्यांच्या लक्षात राहते असा माझा तर्क आहे. सर्वांत आधी आली ती लालबुड्या बुलबुलांची जोडी. त्यांच्यानंतर साळुंक्या आल्या, आणि त्यांनी अंघोळीत इतके पाणी बाहेर उडवले की तिवईखालची जमीन रोज ओली राहू लागली. तिथे आता पुदिना लावला आहे. सातभाई पंगतीला बसावे तसे काठावर ओळीने बसतात आणि एकाचे आटोपल्याशिवाय दुसरा सहसा आत उतरत नाही. होले आणि पारवे चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता सलग पाणी ओढतात, तर बाकीचे बहुतेक पक्षी घोट घेऊन मान मागे टाकतात, हा फरक पुस्तकात वाचण्यापेक्षा चार हातांवरून पाहण्यात अधिक गंमत आहे. खार तिवईच्या पायावरून चढते आणि काठावरून डोके खाली घालून पाणी पिते. हीच खार दसरा काढताना दोरीवर वाळत घातलेल्या जुन्या सोलापुरी चादरीच्या दशा ओढून घरट्यासाठी नेताना दिसली, पण तो आमच्या घरातला स्वतंत्र वादाचा विषय आहे. दुपारी मधमाश्या आणि गांधीलमाश्याही ओल्या काठावर बसून पाणी घेतात, म्हणून घरात लहान मूल असल्यास पात्र खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवावे.

या पात्रावर काही पक्षी येत नाहीत, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. जास्वंदीवर येणारा शिंजीर या दिवसांत आपला चकचकीत जांभळा पोशाख उतरवून मादीसारखा पिवळट दिसतो, केवळ गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो, आणि तो पात्रात उतरण्यापेक्षा झाडांना पाणी मारल्यानंतर ओल्या पानांवर अंग घासून अंघोळ करणे पसंत करतो. हिमालय आणि मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी येणारा कृष्ण थिरथिरा कुंपणाच्या भिंतीवर शेपटी थरथरवत बसतो आणि जमिनीवरचे किडे टिपतो, पण पाण्याकडे क्वचितच वळतो. भोरड्यांचे थवे तर आपल्या डोक्यावरून ज्वारीच्या शिवारांकडे जातात. त्यांनी घरच्या पात्राची दखल घ्यावी ही अपेक्षाच चुकीची आहे. हे शहर पक्षितज्ज्ञ लेखक मारुती चितमपल्ली यांचे जन्मगाव असल्यामुळे असेल कदाचित, पण या पाहुण्यांची मराठी नावे अचूक सांगणारा एखादा शेजारी इथे सहज सापडतो. ज्यांना पक्षी पाहायला नान्नजच्या माळरानावर किंवा उजनी धरणाच्या काठावर जाणे आता झेपत नाही अशा वडीलधाऱ्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी ही वर्दळ पुरेशी ठरते, आणि माझ्या मते या वस्तूचे खरे ग्राहक तेच आहेत.

देखभाल कमी आहे, पण ती टाळता येण्यासारखी नाही. या ऋतूत डेंग्यूची भीती असते आणि तो पसरवणारा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात, त्यामुळे पाणी रोज, किमान एक दिवसाआड, बदलले तर पात्रात डास वाढू शकत नाहीत. केवळ पाणी ओतून देणे मात्र पुरेसे नाही. ही अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटून राहतात आणि कोरड्या अवस्थेतही तग धरतात, म्हणून नारळाच्या शेंडीने आतली कड घासून काढावी. साबण वापरू नये, कारण मातीच्या छिद्रांत तो शिरतो आणि पुन्हा पाण्यात उतरतो. बोअरचे पाणी वापरल्यास बाहेरून क्षारांचा पांढरा थर धरतो. तो दिसायला वाईट असला तरी निरुपद्रवी आहे, मात्र फार साठला तर छिद्रे बुजून पाणी गार होणे कमी होते. पात्रात सुमारे अडीच लिटर पाणी मावते, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हा खर्च कोणाला खटकू शकतो. परंतु बदललेले पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतले की वाया काहीच जात नाही. कोजागरीला घरातली मंडळी तुळजापूरला चालत गेली की पात्र भरण्याचे काम शेजाऱ्यांकडे सोपवावे लागते, कारण ऑक्टोबरच्या उन्हात ते दोन दिवसांत जवळपास कोरडे होते.

जागेची निवड हा या वस्तूच्या उपयोगाचा निम्मा भाग आहे, आणि विक्रेता त्याबद्दल काहीच सांगत नाही. पात्र दाट झुडपाला अगदी चिकटून ठेवल्यास मांजराला दबा धरण्यास आडोसा मिळतो, आणि पूर्ण मोकळ्यावर ठेवल्यास वरून येणाऱ्या शिक्र्यापासून लपायला पक्ष्यांना जागा उरत नाही; सहा-सात फुटांवर पेरूसारखे एखादे झाड असेल अशी जागा दोन्ही दृष्टींनी बरी. कपडे वाळत घालण्याच्या दोरीपासूनही ते लांब असावे, कारण वाऱ्याने फडफडणाऱ्या चादरीजवळ कोणताही पक्षी निवांत पाणी पीत नाही. तिवईचा एक पाय किंचित आखूड असल्याने त्याखाली फरशीचा तुकडा द्यावा लागला आणि जोडांवर गंज धरू लागला आहे. पात्राच्या तुलनेत तिवईचे काम निष्काळजीपणाचे आहे.

आता दाणापात्राविषयी. त्याच्या तळाला पाणी निचरण्यासाठी एकही छिद्र नाही, आणि परतीच्या पावसाची एक तिरपी सर आली की आतली बाजरी भिजून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिला बुरशी धरते. असे दाणे पक्ष्यांना अपायकारक असतात. वारा सुटला की ते साखळ्यांसह गोल फिरते, त्यामुळे चिमण्या बसायला बिचकतात आणि धीट पारवे ते ताब्यात घेतात. पारवे एकदा वस्तीला आले की छज्जे विष्ठेने भरतात आणि श्वसनाचा त्रास असलेल्यांना ते बाधते, म्हणून हा दोष किरकोळ मानता येत नाही. सांडलेल्या दाण्यांमागे रात्री उंदीर येतात ते वेगळेच. पण रचनेतले हे दोष सुधारले तरी माझा मूळ आक्षेप कायम राहील, कारण या ऋतूत पक्ष्यांना आपल्या दाण्यांची गरजच नसते. पावसाळ्यानंतर गवताला बी धरलेले असते, नाकतोडे आणि अळ्या मुबलक असतात, कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखराचे सुरवंट दिसतात, आणि बुलबुल, दयाळ, शिंपी, थिरथिरा यांचा भर मुख्यतः फळांवर आणि किड्यांवर असतो. त्यांना बोलवायचे असेल तर कीटकनाशकाची फवारणी थांबवून परसाचा एक कोपरा न खुरपता सोडावा. त्याला पैसे लागत नाहीत. दाणे द्यायचेच असतील तर मूठभर ज्वारी किंवा तांदळाची कणी सकाळी जमिनीवर टाकावी, होले आणि चिमण्या ती तासाभरात संपवतात. खारट फरसाण आणि शिळा पाव घालू नये.

लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांनंतर परस दोन दिवस ओस पडले, त्या काळात पात्रावर फक्त खार येत होती. त्यानंतर बुलबुल परतले आणि पाठोपाठ बाकीचे.

पाणपात्राला पाचपैकी साडेचार, तिवईला तीन आणि दाणापात्राला दीड गुण देईन. विक्रेते हा संच एकत्रच घेण्याचा आग्रह धरतात, परंतु नुसते पात्र मागितल्यास साडेतीनशेच्या आसपास मिळते, आणि तिवईऐवजी चार विटांचा चौथरा रचला तरी काम तितकेच चांगले होते. पात्र स्कूटरवरून आणायचे असल्यास जुन्या चादरीत गुंडाळून आणावे, कारण काठ पातळ असल्याने धक्का लागताच तिथलाच टवका उडतो.