होबी १६ चा स्पिनाकर किहीमच्या वाळूवर सेट करून घेतला, पाचपैकी पाच

मागच्या सीझनला सेकंडहँड होबी १६ (दोन सांगाड्यांची छोटी शिडाची बोट) घेतली, सोबत स्पिनाकरचा, म्हणजे मागून वारा असताना पुढे फुगवायच्या मोठ्या पातळ शिडाचा, किट होता, आणि जानेवारीपर्यंत ते शीड एकदाही धड फुगलं नाही. वर जायचं पण टोकाला पोचायचंच नाही, हातभर खाली अडकायचं, मधोमध खड्डा पडायचा आणि पुढची कड नुसती फडफडायची. आधी एकाला दाखवलं तर तो म्हणाला कापड ताणलं गेलंय, नवीन घ्या. माझा मुलगा, म्हणजे माझा क्रू, पार हिरमुसला होता. शेवटी मांडव्याच्या बाजूला रिगिंगचं, म्हणजे बोटीच्या शिडा-दोऱ्यांचं, काम करणाऱ्या एका दादांना बोलावलं, सेलिंगवाल्या कोणालाही विचारा, लगेच सांगतील.

त्यांनी सकाळी सातला यायला सांगितलं तेव्हा वाटलं एवढ्या लवकर कशाला, वारा तर दुपारी येतो. पण मुद्दा तोच होता. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून येणारा, हलका. बोटीची तोंडं समुद्राकडे करून वाळूवर ठेवली की वारा आपोआप मागून येतो आणि स्पिनाकर जमिनीवरच चढवून बघता येतो, पाण्यात धावपळ नाही. आणि होबी १६ ला खाली सेंटरबोर्ड, म्हणजे पाण्यात उतरणारी फळी, नाही, त्यामुळे वाळूवर आरामात बसते.

शीड चढवलं, दादा खाली उभे राहून पाच मिनिटं नुसते बघत होते, मग म्हणाले, "शीड चांगलं आहे हो, दोरी आखूड आहे." आमच्या किटमध्ये हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) आणि खाली खेचायची दोरी एकच आहे, एक टोक शीडाच्या माथ्याला आणि दुसरं स्नफरच्या, म्हणजे उतरवलेलं शीड आत ओढून घेणाऱ्या पिशवीच्या, तोंडातून शीडाच्या पोटावरच्या पॅचला. ती दोरी आधीच्या कोणीतरी बदलताना आखूड घातलेली, म्हणजे माथा वर जायच्या आतच दुसरं टोक संपायचं आणि शीडाचं पोट स्नफरकडे ओढलं जायचं. खड्डा त्याचाच! नवीन दोरी आधीपेक्षा दीड हात जास्त लांब घातली, शीड पूर्ण वर गेलं, आणि क्लीटपाशी (दोरी पकडून ठेवणारा चाप) दोरीवर मार्करने खूण केली, म्हणजे पोराला वर मान करून बघायला नको, खूण आली की शीड वर आहे.

मग पोल, म्हणजे बोटीच्या पुढे निघालेला शीडाचा दांडा. त्याच्या दोन बाजूंचे आधार एकसारखे नव्हते, एक ढिला, त्यामुळे जोर आला की पोल वर उचलायचा आणि शीडाची पुढची कड सैल पडायची. ते मोजून सारखे केले. टॅक लाइन, म्हणजे शीडाचा पुढचा खालचा कोपरा धरणारी दोरी, थोडी आखूड केली, आता शीडाचा खालचा कोपरा पोलच्या टोकाला चिकटून बसतो. आणि ज्याने मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते म्हणजे एका बाजूच्या रॅचेट ब्लॉकमधून (एकाच दिशेने फिरून भार धरणारी कप्पी) शीट, म्हणजे शीड ओढायची-सोडायची दोरी, उलटी ओवलेली होती, खेचताना कटकट आवाजच नाही, म्हणजे सगळा भार पोराच्या हातावर. बिचारा दोन महिने हात दुखतात म्हणत होता आणि मी त्याला व्यायाम कर म्हणून सांगत होतो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुपारी खारा, म्हणजे समुद्राकडून येणारा, वारा लागल्यावर दादा स्वतः क्रू म्हणून आले. किहीमसमोरून स्पिनाकर चढवला आणि खांदेरीच्या दिशेने जी बोट सुटली ना, काय सांगू. पोराला पुढची कड अगदी जराशी वळेल इतकीच शीट सोडायला शिकवली. मला सांगितलं की स्पिनाकर वर असताना मेनशीट (मुख्य शिडाची दोरी) ढिली सोडायची नाही, या बोटीला बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून धरणारी तार, नाही, डोलकाठीला मागून आधार मुख्यतः तिचाच. आणि उतरवताना बोटीची पाठ वाऱ्याकडे करायची, आधी खेचायच्या दोरीचा ढील काढायचा आणि मगच हॅलयार्डचा क्लीट सोडायचा, नाहीतर शीड बोटीखाली जातं. आमचं दोनदा गेलं होतं, ते का, हे तेव्हा कळलं. थळच्या बाजूला जाळ्यांचे बोये असतात, तिथून लांब राहायलाही त्यांनीच सांगितलं, खांदेरीजवळ खडकही आहेत.

पैसे नवीन शीडाच्या मानाने फारच कमी, दोरीचे वेगळे. एकच सांगतो, फोन लवकर उचलत नाहीत, सकाळी ते पाण्यावर असतात, संध्याकाळी करा. भरती-ओहोटी बघून दिवस ठरवतात, रविवारचा हट्ट धरू नका.

निघताना सगळे ब्लॉक गोड्या पाण्याने धुवायला लावले आणि शीड उन्हात ठेवू नका म्हणाले, नायलॉन उन्हाने लवकर खराब होतं. आता पोरगा शनिवारी सकाळी माझ्या आधी उठून बोटीचं कव्हर काढून बसलेला असतो.