पीएसए घेताना कोणता कागद धरायचा: अमेरिकेचा ५१०(के) की भारताचा परवाना?

पेसमेकर बसवताना लीड, म्हणजे त्याची तार, हृदयात पोचली की ती आधी पीएसएला, म्हणजे पेसिंग सिस्टिम ॲनालायझरला जोडतात. थ्रेशोल्ड (ठोका पाडायला लागणारा किमान व्होल्टेज), आर-वेव्ह (हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याचा विद्युत संकेत) आणि इंपीडन्स (तारेच्या मार्गातला विद्युत अडथळा) बघून लीड तिथेच ठेवायची की हलवायची ते ठरतं. व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, थ्रेशोल्ड साधारण १ व्होल्टच्या आत आणि आर-वेव्ह ५ मिलिव्होल्टच्या वर आली की डॉक्टर पुढे सरकतात. पण हे यंत्र नुसतं मोजत नाही, तेवढा वेळ हृदयाला पेसही करतं, म्हणजे विजेच्या स्पंदांनी ठोके पाडतं. रुग्णाचे स्वतःचे ठोके जवळपास नसतील, तर त्या काही मिनिटांचा सगळा भार या यंत्रावर असतो. म्हणूनच टेबलावर पेसमेकरचे पल्स तपासणाऱ्या साध्या टेस्टरच्या रांगेत त्याला बसवू नका.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध व उपकरण नियामकाने, २०१६ मध्ये पीएसए तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक जोखमीच्या वर्गातून दुसऱ्या वर्गात आणला. त्याला ५१०(के), म्हणजे विक्रीपूर्वीची एफडीएची मंजुरी, लागतो. बाजारात आधीपासून असलेल्या यंत्राइतकंच आपलं यंत्र सुरक्षित आणि परिणामकारक आहे, हे कंपनीने दाखवायचं. शिवाय विद्युत चाचण्या, ईएमसी (इतर उपकरणांच्या विद्युतचुंबकीय व्यत्ययाची चाचणी), सॉफ्टवेअरची पडताळणी आणि लेबलवरच्या सूचना, या अटी आहेतच. खरेदी करणाऱ्याला यातलं सोनं म्हणजे ५१०(के) अर्जाचा सारांश. 'के' आणि पुढे सहा आकडे असा क्रमांक एफडीएच्या संकेतस्थळावर टाकला, की तुलना कोणत्या यंत्राशी झाली, वापर नेमका कशासाठी मान्य झाला आणि कोणत्या चाचण्या झाल्या, हे बहुतेक वेळा कुणालाही वाचता येतं. क्रमांकाचे पहिले दोन आकडे अर्ज कोणत्या वर्षीचा तेही सांगतात.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू आहेत. जोखमीनुसार वर्ग ए (सर्वात कमी) ते डी (सर्वात जास्त). ए वर्गातली निर्जंतुक नसलेली, मोजमाप न करणारी साधी उपकरणं सोडली, तर देशात बनलेल्या ए आणि बी वर्गाच्या उपकरणांना राज्याचा परवाना, सी आणि डी वर्गाच्या उपकरणांना केंद्राच्या औषध नियामकाचा, सीडीएससीओचा. आयात असेल तर ती साधी उपकरणं सोडून वर्ग कोणताही असो, सीडीएससीओचा एमडी-१५ हा आयात परवानाच लागतो. चाचण्यांचा तपशील इथे तितका उघड मिळत नाही, ही उणीव मला खटकते. तरीही निर्णय याच कागदावर करावा. ५१०(के) कितीही भक्कम असला, तरी त्याच्या जोरावर यंत्र इथे विकता येत नाही.

खरी फसगत इतर कागदांनी होते. 'एफडीए रजिस्टर्ड' असं छापलेलं प्रमाणपत्र कारखान्याच्या नोंदणीचं असतं, यंत्राच्या मंजुरीचं नाही. एमडी-४२ हा विक्रीसाठीच्या नोंदणीचा कागद विक्रेत्याचा, यंत्राचा नाही. आणि महाराष्ट्रात एफडीए म्हणजे आपलं अन्न व औषध प्रशासनही, तेव्हा कोणता एफडीए ते तोंडावर विचारून घ्या.

बहुतेक पेसमेकर एकाच कंपनीचे बसवत असाल, तर त्यांच्या प्रोग्रॅमरमध्येच (पेसमेकरची सेटिंग्ज बदलणाऱ्या यंत्रातच) पीएसए असलेला संच सोयीचा. मेडट्रॉनिकच्या २०९० प्रोग्रॅमरला २२९० ॲनालायझर असाच जोडला जायचा. प्रोग्रॅमर अमेरिकेत तिसऱ्या वर्गात मोडतो, त्यामुळे त्याचे कागद वेगळे मागवा. अनेक कंपन्यांचे पेसमेकर बसवत असाल तर स्वतंत्र पीएसए बरा.

माझा कौल असा: आधी भारतीय परवाना, मग ५१०(के)चा सारांश. ऑर्डर देण्यापूर्वी परवान्याची प्रत मागवा आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक व उत्पादनाचा पत्ता कोटेशनशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळत नसेल तर विक्रेत्याकडून लेखी उत्तर येईपर्यंत पैसे सोडू नका.