रातकिडे इथून घ्या, सल्ला घेऊ नका

3 स्टार देतोय, तेही फक्त किड्यांसाठी. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मालक माणूस म्हणून चांगलाय. पेठेत आहे एवढं सांगतो.

आमच्याकडे दीड वर्षापासून व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आहे, नाव तात्या. एक डोळा टीव्हीकडे, दुसरा स्वयंपाकघराकडे, म्हणून तात्या. ही येमेनकडची जात आहे हां, आपल्या टेकडीवर दिसतो तो घोयरा (इथला शॅमेलिऑन) नाही, तो पाळणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, कुठे सापडला तर वनखात्याला 1926 वर फोन करा, घरी आणू नका. आणि व्हेल्डची पण पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, घेताना कागद मागून घ्या.

तर किडे. एकदम भारी. क्रिकेट्स म्हणजे रातकिडे टणाटण उड्या मारणारे, डब्यात मेलेले जेमतेम दोन-चार निघतात, आधी मी ऑनलाइन मागवायचो तेव्हा अर्धा डबा मेलेला यायचा आणि झाकण उघडलं की घरभर वास. इथे लहान-मधले-मोठे वेगवेगळे मिळतात आणि ते फार कामाचं आहे, कारण शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर त्याच्यापेक्षा मोठा किडा द्यायचा नसतो. डुबिया झुरळं पण असतात. आईला ते अजून पचलेलं नाही, पेस्ट कंट्रोलवाल्याला पण पैसे द्यायचे आणि झुरळं पण विकत आणायची, बाबांना तर किंमत अजून सांगितलेलीच नाहीये.

आता सल्ला. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, पाण्याची वाटी ठेवा, खिडकीत ऊन येतं ना मग यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्या अतिनील किरणांसाठीचा दिवा) कशाला, आणि किडे तसेच टाका, खाईल तो. मी तिन्ही ऐकलं. तात्याने वाटीकडे ढुंकूनही बघितलं नाही, कारण हे प्राणी पानांवरून ओघळणारे थेंब पितात, साठलेलं पाणी बहुतेक त्यांना कळतच नाही. शीबरोबर जो पांढरा भाग येतो तो गडद नारिंगी यायला लागला, म्हणजे पाणी कमी पडतंय, हे मला तेव्हा कुठे माहीत. आणि खिडकीची काच यूव्हीबी अडवते, ते नसेल तर अंगात व्हिटॅमिन डी3 तयार होत नाही, डी3 नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांमधलं कॅल्शियम काढायला लागतं.

तीन महिन्यांत तात्याची जीभ किड्यापर्यंत पोचेना. नेम धरायचा, अर्धी बाहेर काढायचा आणि आत घ्यायचा. पुढचा पाय वाकडा दिसायला लागला, मला वाटलं पडला असेल कुठेतरी. शेवटी एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेला (नेहमीचे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर म्हणाले आम्ही सरडे बघत नाही), एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट की मलासुद्धा कळलं. मेटाबॉलिक बोन डिसीज, म्हणजे कॅल्शियम कमी पडून हाडं कमजोर होण्याचा आजार. पातळ कॅल्शियम, नवीन ट्यूब, रोज दोनदा पाण्याचा फवारा आणि पानांवर थेंब सोडणारा ड्रिपर. जीभ सुधारली, पाय वाकडाच राहिला.

बरं एवढं होऊन मी परत त्याच दुकानात किड्यांना लावायची कॅल्शियम पावडर आणायला गेलो तर काउंटरवर डी3वाली डबी दिली, म्हणे रोज लावा, ताकद येईल. डॉक्टरांना विचारलं म्हणून वाचलो. साधं, डी3 नसलेलं कॅल्शियम प्रत्येक खाण्यावर, डी3 आणि मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदाच, जास्त झालं तर गळ्याखाली सूज येते.

किडे आणले की मी लगेच देत नाही. एक दिवस त्यांनाच आधी खायला घालतो, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा. पालक नाही, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल हो, पोटात काही असेल तर तात्याला मिळणार. मोठा झालाय म्हणून आता दिवसाआड चार-पाच देतो, मधे कधी जास्वंदीचं पान खातो, ते मात्र फुकट. बागेतले किडे पकडून देऊ नका, कुठे काय फवारलंय सांगता येत नाही, आणि काजवा तर चुकूनसुद्धा नको, विषारी असतो.

माल गुरुवारी येतो, शुक्रवारी सकाळीच जा, रविवारपर्यंत मधली साईज संपते. जाताना झाकणाची बरणी न्या. गेल्या महिन्यात दुकानाची कागदी पिशवी रिक्षात फाटली आणि तीसेक क्रिकेट्स सुटले, रिक्षावाल्याने मीटरपेक्षा वीस रुपये जास्त मागितले, मी गुपचूप दिले.